वाजवी भाव हे दान नव्हे



कॉफी हे पेय जगाला मुस्लिम समाजाकडून मिळाले. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून ते घेत असत, आणि तेथील मोखा बंदरातून ते दूरदूरच्या देशांत पोहोचले. आपल्या दक्षिणेस चिकमगळूरच्या डोंगरांत कॉफीची पहिली रोपे उगवली ती बाबा बुढण या सूफी संतांनी येमेनहून आणलेल्या सात बियांपासून, असे परंपरा सांगते. ते डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पुढे मात्र याच पिकाचा मोठा विस्तार वसाहतींच्या मळ्यांतून गुलामांच्या आणि वेठबिगारांच्या श्रमावर झाला. पिकवणारा उपाशी आणि विकणारा धनाढ्य, अशी त्याची दीर्घकाळ ओळख राहिली.

या अन्यायावर उपाय म्हणून १९८८ साली नेदरलँडमध्ये मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांची कॉफी एका विशेष शिक्क्यासह विकली जाऊ लागली. ‘फेअर ट्रेड’ म्हणजे न्याय्य व्यापार या नावाने आज जी चळवळ ओळखली जाते, तिचा पहिला शिक्का तोच. तिचे नियम साधे आहेत. बाजार कितीही कोसळला तरी शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव मिळावा. त्यावर थोडी अधिक रक्कम त्यांच्या सहकारी संस्थेला मिळावी आणि ती शाळेवर खर्चावी की विहिरीवर, हे शेतकऱ्यांनीच ठरवावे. गरज असल्यास पिकाआधी आगाऊ पैसे मिळावेत. या व्यवस्थेतही उणिवा आहेत. शिक्का मिळालेली बरीच कॉफी गिऱ्हाईक नसल्यामुळे शेवटी साध्या भावानेच विकावी लागते. म्हणजे न्यायाची इच्छा असलेला खरेदीदारच कमी पडतो.

आपण कोल्हापूरकर कॉफीपेक्षा चहाच अधिक पितो. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात कोणत्या रूपाने उभा आहे, ते पाहावयाचे तर गुळाकडे पाहावे लागेल. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ देशभर गेला. आज त्याला भौगोलिक मानांकनही आहे. परंतु गुऱ्हाळावर रात्रंदिवस जाळासमोर उभा राहणारा गुळव्या, चुलवाण पेटता ठेवणारा मजूर आणि ऊस पिकवणारा शेतकरी यांच्या वाट्याला त्या नावलौकिकातील किती येते?

दिव्य कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीनचा आरंभच मापात खोट करणाऱ्यांच्या विनाशाच्या घोषणेने होतो. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, असे त्यांचे वर्णन तेथे आले आहे. ह. शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना एकेश्वरत्वाच्या आवाहनापाठोपाठ जी गोष्ट बजावली, ती हीच: माप व तोल पूर्ण करा आणि लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका. या दुसऱ्या आज्ञेवर आपण पुरेसा विचार करीत नाही. काटा अगदी बरोबर असूनही वस्तूचे मोल पाडता येते. ‘रंग उतरलाय’, ‘रवा मऊ आहे’, ‘आज उठाव नाही’, असे म्हणत गरजवंताचा माल खाली आणणे हे त्या आज्ञेच्या कक्षेत येते.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी काही व्यापारी गावाबाहेर जाऊन येणारे तांडे वाटेतच गाठत आणि बाजारभाव ठाऊक नसलेल्या खेडुतांकडून माल स्वस्तात घेत. प्रेषितांनी (स.) हे निषिद्ध ठरवले. इतकेच नव्हे, तर असा सौदा झालाच तर बाजारात पोहोचल्यावर विकणाऱ्याला तो मोडण्याचा अधिकार दिला. अज्ञानाचा फायदा घेऊन मिळवलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे तत्त्व त्यातून सिद्ध होते.

कोणी म्हणेल, आता शेतकऱ्याच्या हातात मोबाईल आहे, त्याला भाव घरबसल्या कळतो. खरे आहे. पण भाव कळून उपयोग काय, जर त्याने हंगामाआधीच उचल घेतलेली असेल आणि त्या बदल्यात माल अमक्याच दुकानी, तो म्हणेल त्या दराने घालण्याचे बंधन असेल? येथे आपल्या व्यापारी बांधवांनी थांबून विचार करावा. कर्ज देऊन त्या कर्जाच्या बळावर मिळवलेला लाभ हा व्याजाच्या जातीचा आहे, असे फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, स्पष्ट सांगितले आहे. नावात ‘व्याज’ नाही म्हणून तो हलाल होत नाही.

आगाऊ पैसे देण्याला शरीअतने मज्जाव केलेला नाही. उलट त्याचा सुंदर मार्ग दाखवला आहे. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक खजुरासाठी एक-दोन वर्षे आधी रक्कम देत असत. त्यांनी ही रीत चालू ठेवली, मात्र माप, तोल आणि मुदत ही निश्चित ठरलेली असावी, अशी अट घातली. यालाच ‘सलम’ म्हणतात. पूर्ण किंमत आधी, माल नंतर, आणि भाव दोघांच्या मर्जीने पहिल्याच दिवशी ठरलेला. कॉफीच्या शेतकऱ्याला जे आज एका शिक्क्यामुळे मिळते, त्याचा गाभा मदीनेच्या बाजारात होता. शासनाने भाव ठरवावा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. महागाईच्या वेळी लोकांनी विनंती करूनही प्रेषितांनी (स.) दर ठरवून देण्याचे टाळले होते. परंतु खरेदीदाराने स्वखुशीने वाजवी भावाचा शब्द देणे आणि तो पाळणे याला कोणाचीही हरकत असू शकत नाही.

आता ग्राहकाविषयी. मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर प्रेषितांच्या (स.) बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा त्यांनी जाब विचारला, आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. आपल्याकडे काहिलीतला रस भेंडीच्या रसाने निवळून केलेला गूळ तांबूस, काळपट उतरतो. गिऱ्हाईकाला मात्र पिवळाधमक हवा असतो, म्हणून रसात हायड्रोस पडते, कोठे कोठे साखरही मिसळली जाते. फसवणूक करणारा दोषी आहेच. पण प्रामाणिक गुळाला कमी भाव आणि रंगवलेल्याला जास्त, असा दंडक ज्या गिऱ्हाइकाने घातला, त्याचे काय? पुढच्या वेळी दुकानात गेलात, तर काळा गूळ मागा आणि त्याची घासाघीस करू नका.

आपल्यापैकी अनेक जण रमजानमध्ये हिशेब काढून जकात देतात, सढळ हाताने सदका करतात. अल्लाह तो कबूल करो. परंतु ज्याचा भाव पाडला, ज्याची मजुरी अडवली, त्याचे देणे या दानाने फिटत नाही. तो हक्कुल इबाद, म्हणजे दासांचा हक्क आहे, आणि तो त्या दासालाच परत करावा लागतो. ऐपत असूनही देणे लांबवणे याला प्रेषितांनी (स.) जुलूम म्हटले आहे. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, हेही हदीसमध्ये आले आहे. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा या देशाचा कायदाही सांगतो. कारखान्यांनी तो मोडला की आपण सर्व जण रागावतो. आपल्या दुकानाच्या वहीत कोणाकोणाची रक्कम किती महिन्यांपासून अडली आहे, ती पाने उलटताना मात्र तो राग आठवत नाही.

अशी जुनी देणी निघाली, तर त्यांचा मसला असा आहे: ती व्यक्ती हयात असेल तर रक्कम तिच्याच हाती द्यावी आणि उशिराबद्दल माफी मागावी. मरण पावली असेल तर वारसांना द्यावी. मनापासून शोध घेऊनही कोणीच सापडले नाही, तर तेवढी रक्कम त्या व्यक्तीच्या वतीने सदका करावी. पुढे वारस आलेच आणि त्यांनी ती मागितली, तर त्यांना ती पुन्हा द्यावी लागेल.