माप आणि पारख

ज्या गोष्टीचें माप घेतां येतें तिच्याविषयीं वाद उरत नाहीं, अशी एक समजूत सुशिक्षित समाजांत दृढ झालेली आहे. ज्वर किती हें थर्मामीटर सांगतो, दूध कसें हें लॅक्टोमीटर सांगतो, विद्यार्थी कसा हें गुणपत्रिका सांगते; आणि आंकडा एकदां कागदावर उतरला, कीं त्यापुढें शहाण्या माणसानें बोलूं नये, असा शिष्टाचार होऊन बसला आहे. या समजुतींत तथ्य पुष्कळ आहे. माप नव्हतें तेव्हां ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें, असा व्यवहार चाले. तो परत यावा अशी आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु माप हातीं आलें म्हणजे निर्णयही झाला, हें म्हणणें निराळें. या प्रश्नाचा विचार आम्ही येथें एका लहानशा, कित्येकांस छांदिष्टही वाटेल अशा, विषयाच्या आधारानें करूं इच्छितों. तो विषय म्हणजे जुन्या, हातानें फिरवावयाच्या लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बसवून छायाचित्रें काढतांना प्रकाशाचें माप कसें घ्यावें, हा होय.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटांत पडलेल्या लेन्स बाहेर काढून त्या आजच्या कॅमेऱ्यावर लावण्याचा नाद अलीकडे तरुण मंडळींत बराच वाढला आहे. सोव्हिएत रशियांतील हेलिओस, जपानी ताकुमार, निकॉनच्या जुन्या निक्कोर या लेन्स त्यांत विशेष आढळतात. कोंकणांत त्यांचा पहिला शत्रु म्हणजे दमट हवा. चार पावसाळे डब्यांत बंद राहिलेल्या लेन्सच्या कांचेवर बुरशीचें जाळें धरतें, आणि आंतलें वंगण पात्यांवर उतरून तीं जड होतात. ती साफ करून घेतली, आणि मध्यें ॲडॅप्टर म्हणून जें धातूचें कडें मिळतें तें बसविलें, कीं पन्नास-साठ वर्षांपूर्वींची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालूं लागते. चालूं लागते, पण बोलत नाहीं. आणि आमचा विषय या मौनापासूनच सुरू होतो.

छायाचित्रांत किती प्रकाश उतरावा हें तीन गोष्टींवर ठरतें: लेन्सचें छिद्र, म्हणजे ॲपर्चर, किती उघडें आहे, शटर किती वेळ उघडें राहतें, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची ग्रहणशक्ति, म्हणजे आयएसओ, किती ठेविली आहे. लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आंकडे कोरलेले असतात. आंकडा एका घरानें, म्हणजे एका स्टॉपनें, चढला कीं प्रकाश निम्मा होतो. आजच्या लेन्सला विजेचे संपर्कबिंदु असतात. माप घेतेवेळीं तिचें छिद्र पूर्ण उघडें असतें. तें किती मोठें आहे हें ती कॅमेऱ्यास कळविते, आणि मिटल्यावर किती प्रकाश उरेल हें कॅमेरा त्यावरून हिशेबानें काढतो. आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. त्या परिभाषेंत बोलावयाचें, तर नवी लेन्स शब्दप्रमाण पुरविते आणि कॅमेरा तिला आप्त मानून चालतो. जुनी लेन्स मुकी आहे. तिच्या बाबतींत छिद्र प्रत्यक्ष मिटवून, त्यांतून जो प्रकाश आंत येईल तोच मोजावा लागतो. १९६४ सालीं निघालेल्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेऱ्यांत हीच रीत होती.

या मुक्या पाहुणीशीं वागण्याची निरनिराळ्या कॅमेऱ्यांची तऱ्हा निरनिराळी आहे. निकॉनच्या डी ३४०० किंवा डी ५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांवर ती बसविली असतां त्यांचा मीटर चालतच नाहीं. डी ७२०० सारख्या वरच्या कॅमेऱ्याला लेन्सचें नाभीय अंतर व सर्वांत मोठें छिद्र आपण भरून दिलें, तर माप मिळतें. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत माप मिळतें, पण छिद्र फार मिटविलें म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्यें अंधार होतो आणि मापही कधीं कधीं भलतीकडे झुकतें. बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांत सेन्सर स्वतःच प्रकाश मोजतो, त्यामुळें ही अडचण जवळजवळ उरत नाहीं. येथवरचा भाग केवळ कारागिरीचा आहे, आणि तो कोणासही एका सुटींत शिकतां येईल. खरा प्रश्न याच्यापुढें आहे. लेन्स मुकी असो वा बोलकी, मीटरनें जो आंकडा दिला त्याचा अर्थ काय?

मीटर वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो. तो किती असला म्हणजे 'पुरेसा' म्हणावयाचें, हें त्याला कोणीतरी आधीं सांगून ठेवावें लागतें. त्याला असें सांगून ठेविलेलें आहे, कीं जगांतील काळें-पांढरें सर्व एकत्र कालवलें तर एक मधला करडा रंग होतो, आणि समोर जें कांहीं असेल तें त्याच रंगाचें आहे असें समजून चालावें. छायाचित्रकार या कामासाठीं जें करडें कार्ड वापरतात, तें पडलेल्या प्रकाशापैकीं १८ टक्के प्रकाश परत करतें. म्हणजे ज्याला आपण प्रत्यक्ष म्हटलें त्याच्या पोटांत एक अनुमान दडलेलें आहे. रोजच्या दृश्यांत तें बहुधा खरें ठरतें. तें कोठें फसतें हें पाहावयाचें असेल, तर रत्नागिरीस मांडवीच्या किनाऱ्यावर जावें.

मांडवीची वाळू काळी आहे. इल्मेनाइटसारख्या जड, काळ्या खनिजाचे कण तींत मिसळलेले असल्यामुळें ओहोटीच्या वेळीं ओला किनारा तव्यासारखा दिसतो, आणि गांवांतले लोक त्याला काळा समुद्रच म्हणतात. रत्नदुर्गाच्या पलीकडे, मिऱ्याच्या बाजूस, वाळू फिकट आहे. तो पांढरा समुद्र. मध्यें एक टेंकडी, आणि दोहोंकडे एकाच आकाशाचें ऊन. आतां कोणी काळ्या वाळूवर नेम धरून मीटर सांगेल तसें चित्र घेतलें, तर वाळू राखेसारखी उतरते. कारण मीटरला वाटतें, प्रकाश कमी आहे, अधिक घ्यावा. मग पांढऱ्या समुद्रावर जाऊन तेंच केलें, तर तीही वाळू राखेसारखीच उतरते. कारण मीटरला वाटतें, प्रकाश फार झाला, कमी करावा. दोन किनारे दोन नांवांचे, आणि चित्रांत दोन्ही एकाच रंगाचे! मीटर येथें खोटें बोलला नाहीं. त्यानें प्रकाश अचूक मोजला. परंतु जाणता मनुष्य मांडवीस त्याच्या सांगण्याहून एक-दीड स्टॉप कमी, आणि पांढऱ्या समुद्रावर तितकाच अधिक प्रकाश देईल.

याचें कारण उघड आहे. वस्तूवरून परतणारा प्रकाश हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: तिच्यावर किती प्रकाश पडला, आणि त्यापैकीं किती परत देण्याचा तिचा धर्म आहे. मीटरला गुणाकार कळतो. गुण्य व गुणक कळत नाहींत. भर दुपारच्या उन्हांतील काळी वाळू आणि दाट ढगाखालची पांढरी वाळू यांजवरून जवळजवळ एकच आंकडा येऊं शकतो. मानवी डोळ्याची गोष्ट उलट आहे. अंगणांतून माजघरांत आलों तर प्रकाश शेंकडों पटींनीं कमी झालेला असतो, पण बाहुली विस्तारते आणि आपणांस त्याची दादही नसते. परंतु काळी वाळू उन्हांत असो कीं सांवलींत, ती काळी आहे हें डोळा ओळखतो. डोळ्याला परिमाण कळत नाहीं, वस्तु कळते. मीटरला परिमाण कळतें, वस्तु कळत नाहीं. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचें ठाणें असा आहे. बंदरावर उतरलेल्या गांठोड्याचें वजन तराजू सांगे; पण आंत कापूस आहे कीं रेशीम, हें पाहण्यास जकातदाराला तें सोडावेंच लागे.

जुन्या छायाचित्रकारांना हें ठाऊक होतें, कारण त्यांना दुसरा इलाज नव्हता. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यांत मीटर नव्हता. ऊन पाहूनच छिद्र ठरवावें लागे. पुढें फिल्मच्या खोक्याबरोबर छापून येऊं लागलेला नियमही तोच: स्वच्छ ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावें, आणि आयएसओ १०० असेल तर शटर एक-शतांश सेकंदाच्या आसपास, विरळ ढग असतील तर छिद्र ११ वर, ढगाळ असेल तर ८ वर, आभाळ दाटलें तर ५.६ वर. या नियमाचा विशेष असा, कीं तो वस्तूकडे पाहतच नाहीं. तिच्यावर पडणारा प्रकाश पाहतो. म्हणून त्यानें घेतलेल्या चित्रांत मांडवी काळीच उतरते. हातांतल्या मीटरवर पांढरी घुमटी बसवून, तो वस्तूपाशीं नेऊन माप घेण्याची जी रीत आहे, तिचेंही मर्म हेंच. मुक्या लेन्समुळें ज्या कॅमेऱ्याचा मीटर बंद पडतो, तो या नियमावर आजही उत्तम चालतो.

येथवर प्रश्न वाळूचा होता. वाळूचीं कोणी लग्नें जुळवीत नाहीं. माणसाच्या चेहऱ्याशीं आलों, कीं हाच प्रश्न नीतीचा होतो. सांवळ्या मुलीला पांढऱ्या भिंतीपुढें उभें करून मीटर सांगेल तसें चित्र घेतलें, तर भिंतीच्या तेजानें फसलेला मीटर प्रकाश कमी करतो, आणि तिचा चेहरा काळवंडून नाकडोळे बुजतात. केवळ चेहऱ्यावर नेम धरून माप घेतलें, तर तोच मीटर तिला आहे त्याहून उजळ करतो. पहिल्या चित्राला घरची मंडळी नांवें ठेवतात. दुसऱ्याला ठेवीत नाहींत, उलट तेंच स्थळाकडे पाठवितात. आमच्या मतें दोन्ही चित्रें सारखींच असत्य आहेत, आणि दुसरें अधिक अपायकारक आहे. पहिल्यांत मुलीचा चेहरा हरवला. दुसऱ्यांत तिला 'तूं आहेस तशी चालणार नाहींस' असें सांगितलें गेलें. सांवळ्या चेहऱ्याला न्याय देणें म्हणजे त्याला गोरा करणें नव्हे. त्याच्या सांवळेपणांत जें जें आहे तें सगळें दिसेल, इतका प्रकाश त्याला देणें होय. कोडक कंपनी एके काळीं छायाचित्रें छापणाऱ्यांना रंग जुळविण्यासाठीं गोऱ्या स्त्रीच्या चित्राचीं 'शर्ली' या नांवानें ओळखलीं जाणारीं कार्डें पुरवीत असे, आणि त्या मापावर कृष्णवर्णीयांचे चेहरे नीट उतरत नसत. मध्यम म्हणून कोणाला धरलें, यावर कोणाचें रूप बुडेल हें ठरलें.

यावर असें म्हटलें जाईल, कीं हे प्रश्न आतां यंत्रांनीं सोडविले आहेत. १९८३ च्या निकॉन एफए कॅमेऱ्यानें दृश्याचे पांच भाग करून ते निरनिराळे मोजण्यास आरंभ केला. आजचे कॅमेरे कितीतरी अधिक भाग मोजतात, चेहरा ओळखतात, आणि चित्र घेतल्या क्षणीं त्याचा आलेख काढून दाखवितात. हा आक्षेप वजनदार आहे, आणि रोजच्या चित्रांपुरता तो आम्हांस मान्यही आहे. जुनी लेन्स वापरल्यानें कोणी अधिक सात्त्विक होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आलेख इतकेंच सांगतो, कीं चित्रांत गडद किती व उजळ किती; किती असावयास पाहिजे होतें, हें तो सांगत नाहीं. मांडवीच्या वाळूचा आलेख गडद बाजूसच झुकला पाहिजे. तो मध्यावर आणून ठेवणारा मनुष्य आलेख सुधारतो आणि किनारा बिघडवितो.

आणखी एक निवड मीटरला करतां येत नाहीं. डिजिटल चित्रांत जो भाग प्रकाशानें पूर्ण पांढरा पडला तो कायमचा गेला. त्यांतून पुढें कांहींही निघत नाहीं. अंधारांत राहिलेला भाग मात्र, थोडा दाणेदारपणा पत्करला, तर मागाहून बराचसा उजळतां येतो. फिल्मच्या निगेटिव्हची गोष्ट उलट होती. तेथें सांवलींतलें जें उतरलें नाहीं तें गेलें. म्हणजे चूक व्हावयाचीच असेल तर ती कोणत्या बाजूस व्हावी, हें साधनाप्रमाणें बदलतें, आणि शहाणा छायाचित्रकार भरून येणाऱ्या बाजूकडे झुकतो. न्यायाधीश संशयाचा फायदा आरोपीस देतो, तो याच विचारानें.

आमचा व्यवसाय अध्यापनाचा, म्हणून परीक्षेची गोष्ट काढल्यावांचून राहवत नाहीं. उत्तरपत्रिकेवरील गुण म्हणजे परतलेला प्रकाश. समजा, दोघां विद्यार्थ्यांना पंचेचाळीस-पंचेचाळीस गुण मिळाले. एकाच्या घरीं ग्रंथसंग्रह आणि शिकवणी. दुसरा राजिवड्याच्या एखाद्या होडीवर वडिलांबरोबर पहाटेपर्यंत जाळें ओढून वर्गांत येणारा. आंकडा एक, अर्थ दोन. दुसऱ्याला गुण वाढवून द्यावे असें आम्ही सुचवीत नाहीं. काळी वाळू करडी करण्याचाच तो प्रकार होईल. परंतु त्या आंकड्यावरून 'या मुलांत इतकेंच आहे' असा जो निकाल आपण मनांत लिहितों, तो लिहिण्यापूर्वीं त्याच्यावर प्रकाश किती पडला होता हें विचारावयास काय हरकत आहे? नोकरीसाठीं उमेदवार निवडणारा अधिकारी, सून पाहावयास निघालेली सासू, हे सर्व रोज असेच आंकडे वाचीत असतात.

सारांश, माप टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. मापाशिवाय पारख ही पुष्कळदां लहर ठरते. परंतु पारखीशिवाय माप ही सर्वांना एकाच करड्या रंगांत रंगविण्याची सोय होऊन बसते, आणि तिला निःपक्षपातीपणाचें नांव मिळतें हें अधिक वाईट. मुक्या लेन्सचा उपकार एवढाच, कीं ती छायाचित्रकाराच्या वतीनें बोलत नाहीं. समोर काय आहे आणि त्याच्यावर किती ऊन पडत आहे, हें त्याला स्वतः पाहावें लागतें. हे दोन प्रश्न ज्यानें आधीं विचारले, त्यालाच मीटरचा आंकडा उपयोगी पडतो.