जाऊ द्या त्याला पुढे

धावताना कोणी मागून आलं आणि बाजूनं पुढे निघून गेलं, की आपले पाय आपोआप उचलले जातात. आपली परवानगीही घेत नाहीत. त्यातून पुढे जाणारा आपल्याहून दहा वर्षांनी मोठा आणि पोट सुटलेला असला, तर मग बघायलाच नको. आज बुटांच्या नाड्या बांधता बांधता या उचलल्या जाणाऱ्या पायांविषयी थोडं बोलू.

पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करायचं हे वेड आपल्याकडे आता चांगलंच रुजलं आहे. २०१५ साली मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला ‘आयर्नमॅन’ झाले. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं, हे सगळं त्यांनी १५ तास १९ मिनिटांत पुरं केलं आणि तो शब्द घराघरांत गेला. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून नोकरी, घर, मुलांची शाळा सांभाळून पहाटे साडेचारला गजर लावणाऱ्यांची संख्या वाढतेच आहे. ही मंडळी आळशी नाहीत. त्यांची अडचण नेमकी उलटी आहे.

ती कोणती, हे मार्क ॲलन या अमेरिकन खेळाडूकडे पाहिलं की कळतं. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या नीसची स्पर्धा तो पुन्हा पुन्हा जिंकत होता, पण हवाईची आयर्नमॅन काही हाती लागत नव्हती. १९८७ मध्ये तर तो मॅरेथॉनमध्ये आघाडीवर होता. तिथे शरीरानं साथ सोडली आणि डेव्ह स्कॉट त्याला ओलांडून गेला. याच ॲलननं सरावात एक अजब वाटणारी शिस्त स्वीकारली होती. फिल मॅफेटोन या मार्गदर्शकाचं सांगणं असं, की १८० मधून आपलं वय वजा करायचं आणि बहुतेक सराव हृदयाच्या मिनिटाला तेवढ्याच ठोक्यांच्या आत करायचा. ॲलनच्या वाट्याला १५५ ठोके आले. एक मैल साडेपाच मिनिटांच्या आत धावणाऱ्या या माणसाला तेवढे ठोके राखायला आठ मिनिटांहून जास्त लागू लागली. जगातल्या अव्वल खेळाडूनं असं रस्त्यावर रमतगमत जायचं! पण त्यानं ते केलं. वर्षभरानं त्याच ठोक्यांवर तो मैल ५ मिनिटं २० सेकंदांत धावत होता.

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये हवाईत ॲलन आणि स्कॉट जवळजवळ आठ तास खांद्याला खांदा लावून होते. शेवटच्या चढावर ॲलन सुटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. त्या दिवशीची त्याची मॅरेथॉन २ तास ४० मिनिटं ४ सेकंदांची होती आणि त्या मार्गावर तो विक्रम २०१६ पर्यंत टिकला. पुढे १९९५ मध्ये, ३७ व्या वर्षी, तो सायकलवरून उतरला तेव्हा पुढचा गडी तेरा मिनिटांहून जास्त पुढे होता. ॲलन बावरला नाही, आपल्या चालीनं धावत राहिला आणि तीही स्पर्धा जिंकला.

वजाबाकीचं ते गणित ढोबळ आहे, सगळ्यांना तंतोतंत लागू पडेलच असं नाही. मला स्वतःला गप्पांची कसोटी जास्त पटते. सोबत्याशी एक अख्खं वाक्य मध्ये न थांबता बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांवर दम लागला तर जास्त. आपल्याकडे होतं काय, की सावकाश धावायच्या दिवशी मोबाइलवरचे मित्रांचे आकडे डोळ्यांसमोर नाचतात आणि आपण थोडं जोरात जातो. मग ज्या दिवशी खरोखर जोर लावायचा, त्या दिवशी पायांत काही उरलेलं नसतं. सगळे दिवस मधल्याच वेगात जातात. सावकाश सरावात स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळून ताकद मिळवायची सवय शरीराला लागते. हे काम दिसत नाही, म्हणून कोणी त्याचा फोटो टाकत नाही. शिवाय हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडं मागून येतात. उतावळ्या नवऱ्यानं बाशिंग गुडघ्याला बांधलं होतं. आपल्याकडच्या उतावळ्यांच्या गुडघ्याला शेवटी पट्टा बांधावा लागतो.

स्पर्धेच्या दिवशी तर या पायांना आवरणं आणखी कठीण. समुद्रात शिरताच आजूबाजूला हातपायांचा गदारोळ, कोणाची तरी टाच चष्म्यावर, तलावातली तळाची काळी रेघ गायब. श्वास छातीत कोंडला जातो आणि माणूस घाबरून आणखी जोरात हात मारतो. अशा वेळी फक्त एकच करायचं, पाण्यात श्वास पूर्ण सोडायचा. सोडला की पुढचा आपोआप येतो. पहिले दोनशे मीटर गर्दीच्या कडेनं गेलात तरी काही बिघडत नाही.

सायकल ठेवून धावायला लागायची वेळ तर फारच फसवी. ताशी तीस किलोमीटरनं वारा कापत आलेल्या माणसाला धावणं म्हणजे रांगणं वाटतं. पाय लाकडाचे झालेले, पोटऱ्या आपल्या वाटत नाहीत, कडेनं लोक टाळ्या वाजवताहेत. या भरात पहिला किलोमीटर ठरवल्यापेक्षा कितीतरी वेगानं जातो आणि त्याची वसुली शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये होते. म्हणूनच सरावात सायकलनंतर लगेच वीसेक मिनिटं धावून घ्यायचं, ज्याला ही मंडळी ‘ब्रिक’ म्हणतात. गोव्याच्या दमट उकाड्यात आणखी एक गोष्ट होते. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे धावतं, त्यामुळे वेग तोच असला तरी ठोके चढत जातात. तिथे पुण्याच्या डिसेंबरमधला वेग धरून बसणं हा हट्ट झाला. नवे बूट आणि खायचं नवं एनर्जी जेल स्पर्धेच्या दिवशी नको, हे सगळेच सांगतात, मीही सांगून ठेवतो.

झोपेचं मात्र कोणी बोलत नाही. रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटून साडेचारला तलावावर पोहोचणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं. मला ते पटत नाही. शरीर दुरुस्त होतं ते झोपेत. नोकरदार माणसानं आठवड्यातला एखादा सराव सोडून दोन तास जास्त झोप घेतली, तर ते शिस्तीतच बसतं. घरच्यांनाही तेवढाच एक दिवस सकाळचा चहा सोबत मिळतो.

निम्म्या आयर्नमॅनला साडेआठ तास मिळतात, पूर्ण अंतराला सहसा सतरा. शर्यत आखणाऱ्यांनी सावकाश माणसांचा विचार आधीच करून ठेवला आहे. तेव्हा आज रस्त्यावर कोणी पुढे गेलं तर हात वर करा, ‘शुभ सकाळ’ म्हणा आणि आपल्या वेगानं चालू ठेवा.