पोच द्या, मग आळशी म्हणा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. शासनाने फळबागांची भरपाई हेक्टरी ५० हजार रुपयांवर नेली. ते योग्यच झाले. नवी पोफळ फळावर यायला वर्षे जातात. पण त्या वाड्यांवर एकटा मालक जगत नव्हता. एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेत घड उतरवणारा गडी आणि मांडी घालून दिवसभर सुपारी सोलणाऱ्या बायाही त्यांवरच जगत होत्या. त्यांच्या नावे सातबारा नाही आणि बुडालेल्या रोजीचा पंचनामा होत नाही.

त्यांच्यासाठी कायदा नव्हता असे नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानुसार गावातल्या माणसाने काम मागितले आणि पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर त्याला बेकारी भत्ता देणे बंधनकारक होते: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिश्श्याइतका, पुढे निम्मा. मेख खर्चाच्या वाटणीत होती. अकुशल मजुरी केंद्राच्या तिजोरीतून, भत्ता मात्र राज्याच्या. म्हणजे राज्याने काम दिले तर पैसा दिल्लीचा, न दिले तर दंड स्वतःला. हेतू चांगला होता, पण त्यात एक पळवाट राहिली. अर्जाची तारीखवार पोचच दिली नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? मग कागदोपत्री मागणीच नसते आणि भत्ताही देय होत नाही.

असा हिशेब करणारे आपणच नाही. अमेरिकेत २००९ साली केंद्राने मंदीवर उतारा म्हणून बेकारी भत्त्यासाठी राज्यांपुढे ७ अब्ज डॉलर ठेवले. अट एवढीच, की भत्त्याला पात्र ठरण्याचे नियम राज्यांनी सैल करावेत. लुईझियाना आणि टेक्सासच्या गव्हर्नरांनी तो पैसा नाकारला. केंद्राचा पैसा संपल्यावर बोजा आपल्यावर येईल, हे त्यांचे कारण. दोन्हीकडे बेकाराला विचारले कोणी?

“फुकट पैसे दिले की माणूस आळशी होतो,” हा आक्षेप आपल्याकडे फार आवडीने घेतला जातो. पाव मजुरीवर कोण चैन करील? आणि भत्ता मिळतो तो काम मागणाऱ्याला. आळशी माणूस मुळात कामच मागत नाही. शिवाय हे बोलणाऱ्यांपैकी कित्येकांच्या आंब्या-नारळाच्या लागवडीचे अनुदान याच रोजगार हमीतून आलेले असते. बागाईतदाराने घेतले की ते प्रोत्साहन आणि कातकरी बाईने मागितले की भीक, हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा: “आमच्याकडे कोणी रोजगार हमीवर जात नाही.” ही प्रतिष्ठा कोणाची? मुंबईहून ज्यांच्या घरी पैसे येतात त्यांची. ज्यांच्या घरी येत नाहीत, त्यांनी ती का सांभाळावी? ज्या महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७७ साली देशात सर्वांआधी असा कायदा केला आणि शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून तो चालवला, तिथे काम मागण्याची लाज शिकवली जाते, याचा मला संताप येतो.

कायद्याचे नाव बदलो, हमीच्या कामाचे शंभराचे सव्वाशे दिवस होवोत, अर्जाची तारीखवार पोच मिळालीच पाहिजे. येत्या ग्रामसभेत तीन आकडे मागा: कामाचे अर्ज किती आले, तारीखवार पोच किती जणांना दिली, भत्ता किती जणांना मिळाला. आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी वाडीवस्तीवर जाऊन अर्ज भरून द्यावेत, पोच हातात पडेपर्यंत अर्जदाराबरोबर थांबावे.