पडावावरचे बैल

सुरत जिल्ह्यात बारडोलीच्या बाजूला, उसाच्या फडांनी वेढलेल्या एका गावात एक पशुवैद्य होते. माणूस कामाला चोख. लाळ्या-खुरकुताची सरकारी लस सहा महिन्यांनी आली की दूधमंडळीची वही घेऊन घरोघर जायचे. एक म्हैस सुटायची नाही. प्रत्येकीच्या कानात बारा आकडी बिल्ला.

दिवाळीनंतर नंदुरबारकडची ऊसतोड माणसं बैलगाड्या घेऊन उतरत आणि गावाबाहेर पडाव टाकत. बैल काही दूध देत नाहीत, म्हणून वहीत त्यांची नोंद नव्हती. त्यांच्या मूळ गावी लस टोचणारा यायचा, तेव्हा ते इथे ऊस ओढत असत.

पौषात पडावावरच्या एका बैलाच्या तोंडातून लाळ गळू लागली, खुरांच्या बेचक्यात फोड आले. गाडी तरीही चालूच. मुकादमाची उचल अंगावर असली की बैलाला आजारी पडायची सोय नसते. गावची जनावरंही त्याच ओढ्यावर पाणी पीत. म्हशी लसीमुळे तगल्या, पण लस न टोचलेली पारडी मरू लागली. त्यांतली दोन खुद्द सरपंचांची.

डॉक्टर तणतणत पडावावर त्या बैलाच्या मालकिणीकडे गेले. "मावशी, आधी का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगू, साहेब? तुम्ही वही बघून येता. आमचं नाव फक्त मुकादमाच्या वहीत, आणि तिथं नुसतं कर्ज."

पुढच्या वर्षी पहिल्या गाड्या उतरल्या, कोप्या अजून उभ्या राहायच्या होत्या, तोच डॉक्टर पडावावर हजर. सरपंच भडकले, "आमच्या म्हशी सोडून परक्यांचे बैल आधी?"

"रोग ज्या वाटेनं येतो, त्या वाटेवर लस आधी गेली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या म्हशी उद्या."

तरी डॉक्टरांचं स्वतःचं समाधान होईना. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. बैल गावात उतरल्यावर टोचायचं म्हणजे तेवढे दिवस उघडेच. मग त्यांनी सीमेपलीकडे नवापूरच्या डॉक्टरांना फोन केला आणि दसऱ्याआधीच, बैल तिथे घरी असताना, लस टोचून घ्यायचं ठरवलं.

त्या दिवाळीनंतर उतरलेल्या बैलांच्या कानात बिल्ले होते. डॉक्टर खुशीत एकेक नंबर तपासत असताना मावशी पुढे आल्या.

"बैलांचं झालं, साहेब. माझ्या शेळ्यांचं काय?"

शेळ्यांची लस डॉक्टरांनी आणलीच नव्हती.