गुन्हा कोणत्या कप्प्यात?

घरफोडी करताना चोराने घरमालकाचा खून केला. एकाच एफआयआरमध्ये दोन्ही नोंदले गेले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक अहवालात ते किती गुन्हे? एकच, आणि तो खुनाचा. एका प्रकरणात अनेक कलमे लागली, तर त्यांतले सर्वांत गंभीर तेवढे मोजायचे, असा तिथला नियम आहे. घरफोड्या घटल्याची बातमी वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

कायद्याची वर्गवारी पोलिसांच्या सोयीची असते: दखलपात्र-अदखलपात्र, जामीनपात्र-अजामीनपात्र. ‘एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली’ हे वाक्य ऐकून ठाण्यातून परतलेल्या माणसाला या वर्गवारीचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. गुन्हेशास्त्रज्ञ निराळी मांडणी करतात. हिंसक गुन्हे, मालमत्तेचे गुन्हे, संघटित गुन्हेगारी, सार्वजनिक शिस्तीचा भंग असे त्यांचे ढोबळ कप्पे. हे कप्पे निरुपद्रवी दिसतात, पण पोलिसांनी कोणाच्या दारात जायचे, हे तेच ठरवतात.

1939 साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी नेमके यावर बोट ठेवले. गुन्हेगारी म्हणजे गरिबांचा उद्योग, असे मानणारे शास्त्र तुरुंगात सापडणाऱ्यांचाच अभ्यास करते, हा त्यांचा आक्षेप होता. प्रतिष्ठित माणूस आपल्या व्यवसायाच्या आड जो अपराध करतो, त्याला त्यांनी ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ असा स्वतंत्र कप्पा दिला. अमेरिकेतल्या 70 बड्या कंपन्यांविरुद्ध गेलेले 980 निर्णय त्यांनी गोळा केले. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे होते अवघे 158. 1949 मध्ये पुस्तक निघाले, पण प्रकाशकाच्या आग्रहावरून कंपन्यांची नावे गाळून. ती छापायला 1983 उजाडले. न्यायालयाने दोषी ठरवलेलाच गुन्हेगार, असा प्रतिवाद पॉल टॅपन यांनी 1947 मध्ये केला होता. तो कायद्याला धरून आहे, पण मला सदरलँडच पटतात. पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदार ठाण्यात जातो, तेव्हा ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर त्याला ऐकावे लागते. पाकीटमाराच्या बाबतीत हे वाक्य कुणी कधी उच्चारत नाही. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राला 1999 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

याच्या अगदी उलट टोकाचा कप्पा इंग्रजांनी आपल्याकडे केला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कृतीला बाजूला सारले आणि अख्ख्या जमातींचीच वर्गवारी केली. चोरी होण्याआधीच चोर ठरलेला! 1911 मध्ये हा कायदा देशभर लागू करण्याची सोय झाली. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. पण अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुना संशय नव्या नावाने चालू राहिला. आजही गावात चोरी झाली, की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते.

तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातीवर आधारलेला भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी घटनाबाह्य ठरवला. विमुक्तांना जन्मतः सराईत समजणाऱ्या तरतुदीही त्यांत होत्या. मूळ कायदा रद्द होऊन तेव्हा 72 वर्षे उलटली होती.