गाळलेला क्षण

ध्वनिमुद्रित कथन स्वाभाविक वाटावे म्हणून त्याची काटछाट करावी लागते, ही गंमतच नव्हे काय? फितीच्या काळी हे काम पात्याने होई. सेकंदाला १५ इंच धावणाऱ्या फितीवर अर्ध्या सेकंदाचे अडखळणे म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. तो कापायचा नि टोके चिकटवायची. आज तेच संगणकावर होते. जाणता संपादक मात्र सगळे श्वास काढीत नाही. नुसते हलके करतो. मोकळ्या जागी निखळ शांतता ठेवली तर कान दचकतो. म्हणून त्याच खोलीतली, मुद्दाम मुद्रित केलेली शांतता तो तिथे भरतो.

मग हा खोटेपणा म्हणायचा का? वाचणाऱ्याची जीभ घसरली, ती चूक काढणे हे सौजन्यच. पाहुण्यांसाठी तांदूळ निवडूनच शिजवतात. पण एखादी वृद्धा आपली कहाणी सांगताना 'मी त्याला क्षमा केली' या शब्दांपूर्वी क्षणभर थांबली असेल, तर? तो क्षण गाळला की वाक्य सफाईदार होते आणि क्षमा स्वस्त होते. शब्द एकही बदललेला नसतो, तरी साक्ष बदललेली असते. खडे जरूर वेचावेत. दाणा मात्र आपला नसतो, सांगणाऱ्याचा असतो.