घेतलं ते परत दिलं का?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२.

भगवंत इथे एक कडक शब्द वापरतात, चोर. देवांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर. म्हणजे खाणं चूक नाही, परत न देणं चूक.

हा श्लोक मला शेतात कळला. आपल्या लातूरकडे, आणि लातूरला लागून असलेल्या नांदेडच्या गावांतही, मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी शहर ओस पडतं आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप, रंगवलेले पांडव, भज्जी, उंडे, आंबील! पूजा झाली की आमचे आबा आंबील शिंपडत पिकाभोवती फिरायचे. लहानपणी मी विचारलं, "आबा, एवढी चांगली आंबील मातीत कशाला सांडायची?" ते म्हणाले, "आरं, वरीसभर ती आपल्याला खाऊ घालती. येक दिस तिला घातलं तर काय बिघडलं?"

यंदा आमच्या घरात रस्त्याकडच्या दोन एकरांचा विषय निघाला. एनए करून प्लॉट पाडायचे. खरं सांगतो, ८० गुंठ्यांचा हिशेब पुण्यात बसून मीच केला होता. कर्जापायी ज्याला जमीन विकावी लागते, त्याला मी चोर म्हणणार नाही. पण माझी तर नोकरी चालू आहे. मला फक्त मोठा फ्लॅट हवा होता.

एप्रिल २०१६ आठवतो ना? मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाऊस कमी झाला, हे खरंच. पण बोअर पाडून आपण उपसलं किती आणि जमिनीत मुरवलं किती? मातीचंही तसंच. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. बांध फुटला तर वळवाच्या एका पावसात ती वाहून जाते, आणि सिमेंटखाली गेली की तिथे पुन्हा ज्वारी नाही. आबांनी ती माझ्या हातात दिली. माझ्यानंतरच्यांना मी काय देणार, सातबाऱ्यावरचं जुनं नाव?

पुढे १४व्या श्लोकात भगवंत सांगतात की अन्न पावसातून येतं आणि पाऊस यज्ञातून. मला वाटतं, बांध घालणं, पाणी अडवणं, काडीकचरा न जाळता मातीत कुजवणं, हाही यज्ञच आहे.

काल बाबांना फोन केला. म्हटलं, "तो प्लॉटचा हिशेब राहू द्या. बांधाच्या दुरुस्तीचे पैसे मी पाठवतो." बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "येळवसेला ये."

आजचा संकल्प : गावाकडे शेत असेल तर आज घरी फोन करा. जमिनीचा भाव विचारू नका. बांध कसा आहे, विहिरीला पाणी किती आहे, ते विचारा.

राम कृष्ण हरी!